ऊसतोडीस निघणाऱ्या बंधुभगिनींस चार शब्द

[पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी, बालाघाटाच्या डोंगरपट्टीतील एका गावी मारुतीच्या पारावर तेथील शाळामास्तरांनी केलेले भाषण. आमच्या वाचकांपैकी पुष्कळ घरांचा संबंध कोयत्याशी नाही तर उसाशी येतोच, म्हणून ते बहुतेक जसेच्या तसे छापीत आहोत.]



काल पोळा झाला. बैलांच्या शिंगांचा रंग अजून पुरता वाळला नाही, तोच मुकादमाची फटफटी आपल्या गावात तीन वेळा येऊन गेली. दोन वेळा दिवसा आली आणि एकदा रात्री नऊनंतर आली. रात्री का आली हे ज्याच्या घरी आली त्यास ठाऊक आहे. मी नाव घेत नाही.

मी पुढारी नव्हे. मला मते नकोत आणि कोणत्या संघटनेची वर्गणीही नको. मी तुमच्या पोरांस बेरीज-वजाबाकी शिकविणारा मास्तर आहे, आणि आज तीच बेरीज-वजाबाकी पोरांच्या आईबापांपुढे मांडावी एवढ्यासाठी उभा राहिलो आहे. माझ्या वर्गाच्या पटावर एकेचाळीस नावे आहेत. दिवाळी सरली म्हणजे समोर सतरा उरतात. बाकीची तुमच्याबरोबर फडात जातात, तेथे धाकट्या भावंडांस सांभाळतात, वाढे बांधतात, आणि चैताच्या सुमारास परत येतात तेव्हा तीस पाढे विसरून दहावर आलेली असतात. तेव्हा या प्रकरणात माझाही जीव अडकला आहे असे समजा.

आता मुद्द्याकडे वळू. कालपासून जो भेटतो तो दुसऱ्यास एकच विचारतो, "यंदा उचल किती म्हणतोय?" कोणी म्हणतो ऐंशी हजार, कोणी म्हणतो लाख, कोणी म्हणतो पलीकडच्या वाडीत सव्वा लाख दिले. जो जास्त उचल देईल तो मुकादम चांगला आणि जो कमी देईल तो चिक्कू, असा आपला हिशेब. मंडळी, माझे आजचे सारे सांगणे या एका गैरसमजावर आहे. उचल हा तुमच्या कामाचा भाव नव्हे. उचल म्हणजे तुमचीच अजून न झालेली मजुरी, जी तुम्ही आज हातात घेता आणि जिच्या बदल्यात पुढचे सहा महिने भाव करण्याचा आपला हक्क सोडून देता. गाय विकताना आपण दात पाहतो, कास पाहतो, दोन गावचे बाजार फिरतो. अंगाची मेहनत विकताना मात्र फक्त नोटांची चवड किती जाड आहे एवढेच पाहतो.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, टनाचा दर तर वर ठरतो, आपण मुकादमाशी कसला भाव करणार? अर्धे खरे आहे. दर वर ठरतो. साखर कारखान्यांचा संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात दर काही वर्षांनी करार होतो. त्यासाठी संप होतात, कोयता बंद ठेवावा लागतो, मग पुढारी बसतात आणि टक्के ठरतात. 2020 साली 14 टक्के वाढ मिळाली. 2024 च्या जानेवारीत 34 टक्के मिळाली आणि तोडणीचा दर टनास सुमारे 274 रुपयांवरून 366 रुपयांवर गेला. मुकादमाचे कमिशनही त्याच वेळी एक टक्क्याने वाढले. डोकी सेंटरचा आणि गाडी सेंटरचा दर निराळा असतो, तो आपापल्या ठिकाणी विचारून घ्यावा. परंतु हा दर कागदावरचा. कागदावरून तुमच्या पदरापर्यंत येताना त्यास वाटेत किती ठिकाणी भोके पडतात, आणि ती भोके बुजवायची की नाही, हे वर ठरत नाही. ते या गावात, याच महिन्यात, उचल घेण्याच्या आदल्या संध्याकाळी ठरते.

आता पाटीवर पाहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शेजारच्या पोरास विचारावे, सगळी माझीच पोरे आहेत.

समजा एका कोयत्याने एक लाख उचल घेतली. कोयता म्हणजे लोखंडाचा तुकडा नव्हे हे तुम्हास सांगायला नको; मुकादमाच्या वहीत नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. टनास 366 रुपये धरले तर लाख रुपये फिटायला 273 टन ऊस तोडावा लागेल. दोघे मिळून दिवसास दोन टन तोडतात असे धरू, पहाटे चारला उठून. म्हणजे 137 दिवस झाले. आता हंगाम किती दिवसांचा? 2024-25 साली गाळप 15 नोव्हेंबरला सुरू झाले, आणि बहुतेक कारखान्यांचा पट्टा मार्च संपण्याच्या आतच पडला. 15 नोव्हेंबर ते 31 मार्च मोजा पाहू. काय रे, किती आले? एकशे सदतीस. बरोबर. म्हणजे एकही दिवस आजारी न पडता, एकही दिवस पावसाने न बुडता, गाडीची वाट पाहत न बसता, पट्टा अगदी शेवटच्या दिवशी पडला तर उचल कशीबशी फिटते. आणि या 137 दिवसांत तुम्ही खाल्ले काय?

खाण्यासाठी खर्ची घेता. पंधरवड्याला तीन हजार म्हटले तरी नऊ पंधरवड्यांचे सत्तावीस हजार झाले. ते उचलीत मिळवा, एक लाख सत्तावीस हजार. आणि काम खरोखर झाले एकशेदहा दिवस, म्हणजे 220 टन. त्याचे 80,520 रुपये. वजा करा. बाकी 46,480 तुमच्या अंगावर. पुढल्या साली मुकादम पुन्हा लाख देतो म्हणाला म्हणजे हातात पडणार 53,520, आणि वहीत लिहिणार लाख. ज्या घराने सहा महिने ऊस तोडला त्या घराने निघताना असते त्यापेक्षा अधिक कर्ज घेऊन परत यावे, याचे कारण नशीब नाही. हे गणित पहिल्याच दिवशी असे मांडलेले होते.

म्हणून मोठी उचल मिळाली की माझ्या पोटात गोळा येतो.

आता माझे स्वतःचे सांगतो. मी फडात वाढलो. बाप आणि आई गाडी सेंटरला जात. बैल आमचे, टायरगाडी भाड्याची. मी तेव्हा चौथीत होतो आणि मला आकड्यांचे वेड होते. प्रत्येक खेपेस मी गाडीच्या फळीवर आतल्या बाजूने खडूने एक रेघ ओढीत असे, पाच झाल्या की आडवी फाटी. पुढे खडू पुसला जातो असे पाहून कोपीत एका जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर उतरून घेऊ लागलो. पट्टा पडला. मुकादमाने कोपीपुढे बसून हिशेब वाचला. त्याच्या वहीत आमच्या अकरा खेपा कमी होत्या. मी पुठ्ठा घेऊन पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, "अकरा खेपा ऱ्हायल्या." मुकादम हसला. वाईट हसला नाही, लेकराच्या बोलण्यास हसतात तसा हसला. परंतु माझ्या बापाने माझ्या कानाखाली दिली आणि म्हणाला, "गप रं. पुढल्या साली उचल कोण दील? तुझा मास्तर?" मग त्याने अंगठा केला. त्या बाकीपायी पावसाळ्याआधी एक बैल विकला. आई पुढे दोन महिने बापाशी नीट बोलली नाही, आणि पुठ्ठा तिने चुलीत घातला नाही एवढे मला आठवते.

आज मी बापास दोष देत नाही. तो चूक वेळी बोलता येणार नाही हे ओळखून होता. हिशेबाच्या दिवशी बोलून उपयोग नव्हता, कारण बोलण्याची वेळ सहा महिन्यांपूर्वी, उचल घेण्याआधी होऊन गेली होती. खेपांची नोंद दोघांच्या वहीत व्हावी असे तेव्हा ठरले असते तर माझा पुठ्ठा पुरावा झाला असता. ठरले नव्हते म्हणून तो पोरखेळ झाला.

मुकादम कोण हेही नीट समजून घ्या. आपण त्यास कधी देव करतो आणि कधी राक्षस, पण तो दोन्ही नव्हे. कारखाना पैसे देतो वाहतूकदारास, ज्याचा ट्रक किंवा ट्रॅक्टर असतो. वाहतूकदार देतो मुकादमास. मुकादम देतो तुम्हास. लिहिलेला करार वरच्या दोन पायऱ्यांवर होतो. तुमच्या पायरीवर बहुधा कोरा कागद, कोरा चेक आणि अंगठा. आपल्यापैकीच एखादा, काल ज्याच्या हातात कोयता होता तो आज मुकादम होतो, वरून दहा-पंधरा लाख उचलतो, आणि टोळी भरली नाही तर त्याचे घर-शेत जाते. त्याची भीती खरी आहे. परंतु त्याच्या भीतीचे ओझे तुमच्या मजुरीने का वाहावे? आणि ध्यानात ठेवा, त्याचे कमिशन कारखान्याने तुमच्या दराशिवाय वेगळे द्यायचे असते. ते तुमच्या टनाच्या दरातून कापायचे नसते. "माझं कमिशन धरून" असे कोणी हिशेबात वाचू लागला तर तेथेच थांबवा.

येथे शेतकरी बांधवही बसले आहेत, ज्यांचा दोन-चार एकर ऊस खाली बॅरेजच्या काठी आहे. त्यांस सांगतो. तुमच्या उसाच्या बिलातून तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना कापून घेतो. म्हणजे कोयत्याचा पैसा शेवटी तुमच्या बिलातून जातो. तो मजुरास पुरता पोहोचत नाही, म्हणून तोच मजूर तुमच्या बांधावर येऊन 'खुशाली' मागतो, आणि तुम्ही त्यास शिव्या देता. दोघे एकमेकांवर गुरगुरता. बिलावर तोडणीचा किती आकडा कापला तो एकदा टोळीतल्या माणसास दाखवा, मग पाहा तो काय म्हणतो.

आता भोके कोणकोणती ते सांगतो. सर्वांत मोठे भोक खाड्याचे आहे. एक दिवस कामास आला नाही तर मजुरी बुडते, हे ठीक आहे, काम नाही तर दाम नाही. परंतु वर आणखी पाचशे, कोठे हजार रुपये दंड कापतात. ताप आला तरी खाडा, लेकरू आजारी पडले तरी खाडा, बाईची पाळी आली तरी खाडा. ही युक्ती आजची नाही. 1834 पासून उसाच्या मळ्यांसाठी मॉरिशस बेटात आपल्या देशातून माणसे नेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती, आणि त्यांची लेकरे-नातवंडे आजही तेथे मराठी म्हणून नांदतात. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये पगार. तेथे नियम असा होता की एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापायचा. साखर तीच, दलाल तोच आणि खाडाही तोच. त्या गरीब माणसांस परत यायला समुद्र आडवा होता. तुम्हास काय आडवे आहे?

आणि खाड्याची किंमत केवळ रुपयांत नाही. 2019 साली सरकारने नेमलेल्या समितीने आपल्या बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली निघाली. त्यामागे कारणे अनेक आहेत, दवाखान्यांचा लोभही आहे. परंतु एक कारण आपल्याच बायकांनी सांगितले, की पाळीचा त्रास नको, दिवस बुडायला नको. दंड वाचावा म्हणून अंग कापून घ्यावे लागते, आणि आपण पुरुष पारावर बसून उचल किती याची चर्चा करतो. मला बोलताना लाज वाटते. पुढे जातो.

यंदा मुकादम आला म्हणजे काय मागायचे? पहिले हे की खाड्यास दंड नाही. काम बुडाले तेवढी मजुरी बुडेल, त्यावर एक पैसा नाही. निदान आजारपण, बाळंतपण आणि पाळीचे दिवस यांस तरी दंड नाही, एवढे पक्के करून घ्या. दुसरे, काट्याची पावती. गाडी कारखान्यावर वजन होते, पावती चालकाच्या खिशात जाते, आणि टोळीस आकडा तोंडी कळतो किंवा कळतच नाही. आता प्रत्येक टोळीत दोन-चार तरी फोन असतात. प्रत्येक खेपेच्या पावतीचा फोटो त्याच रात्री टोळीस मिळाला पाहिजे, ही अट घाला. यात मुकादमाचा छदाम खर्च होत नाही. तो नाही म्हणाला तर का नाही म्हणतो ते तुम्हीच ओळखा.

तिसरे, खर्ची दिली की त्याच वेळी दोन्ही वह्यांत लिहायची, आणि पंधरवड्याला हिशेब वाचून दाखवायचा. सहा महिन्यांनी एकदम नव्हे. ही काही माझ्या डोक्यातली नवी टूम नाही. आपल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरविली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यात आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, अशा मागण्या होत्या. रविवारची सुटी मिळायला 1890 साल उजाडले. गिरणीत तेव्हा जॉबर असे, तोच कामावर घेई, तोच दस्तुरी खाई. आपल्या मुकादमाचा तो थोरला भाऊच म्हणा. लोखंड्यांनी जॉबरापुढे हात जोडले नाहीत, तारीख मागितली. आपणही दया मागू नये, तारीख मागावी.

चौथे गाडीच्या खोळंब्याचे. मोळ्या बांधून ठेवल्या आणि ट्रॅक्टर दोन दिवस आला नाही, तर ऊस वाळतो, वजन घटते, आणि घट तुमच्या माथी. बसून राहिलेल्या दिवसाचे काही द्या असे म्हणून पाहा. हे मिळेलच असे मी सांगत नाही, फार थोड्यांस मिळाले आहे. परंतु मागितल्याशिवाय त्यास कळणार कसे की आपण हेही मोजतो?

आणि एक, जे सांगितल्यावर काही मंडळी माझ्याकडे रागाने पाहतील. कोयता दोघांचा, तर बोलणीस दोघे बसा. आज काय होते? मुकादम येतो, कारभारी ओट्यावर बसतात, घरधनीण आत चहा टाकते, पैसे कारभाऱ्याच्या खिशात जातात, आणि तिला दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडून कळते की आपण यंदा अमक्या कारखान्यास चाललो. निम्म्या टनाची मालकीण ती आहे. शिवाय एक अनुभवाची गोष्ट सांगतो. बाया उचलीच्या आकड्याने भुलत नाहीत. त्या विचारतात, कोपीला जागा कोठे, पाणी किती लांब, संडास आहे का, दवाखान्यात न्यायला गाडी कोण देणार. हेच विचारायचे असते.

"गुरुजी, असे बोललो तर तो उठून दुसऱ्या गावास जाईल," असे मागे बसलेले मामा म्हणतात. बरोबर आहे. एकटा बोलला तर जाईल. गेल्या साली आपल्याच गावात काय झाले ते ज्यांस ठाऊक नाही त्यांसाठी सांगतो. सात कोयत्यांची एक टोळी माझ्या ओसरीवर बसली आणि आम्ही सहा अटी एका कागदावर लिहिल्या. ठराव एकच होता, की कागदावर सही होईपर्यंत सातांपैकी कोणी एक रुपया घ्यायचा नाही. मुकादम आला, कागद वाचला, म्हणाला, "मास्तरला ऊस तोडायला घ्या बरोबर." आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याने एकट्यास गाठून पाच हजार जास्त देऊ केले. तो घरी मुलीचे लग्न काढून बसलेला होता, तरी त्याने नाही म्हटले. त्याचे नाव घ्यावेसे वाटते, पण त्यास आवडणार नाही. चार दिवस मुकादम फिरकला नाही. त्या चार दिवसांत आमच्यात दोनदा भांडण झाले आणि माझ्या घरी एकाने येऊन "तुमचा पगार चालू हाय, आमचं काय?" असे सुनावले. त्यास उत्तर नव्हते, मी गप्प बसलो. पाचव्या दिवशी मुकादम आला. त्याने वाहतूकदाराचे पैसे उचललेले होते आणि दसऱ्यापर्यंत टोळी दाखवायची होती. सात कोयते एकदम दुसरीकडून आणणे त्यास सोपे नव्हते. आजारपणाचा खाडा माफ झाला, पावतीचे फोटो आणि पंधरवड्याचा हिशेब कबूल झाला. खोळंब्याचे पैसे आणि दवाखान्याचा खर्च त्याने साफ नाकारला. सहापैकी तीन. उचल मात्र इतर टोळ्यांपेक्षा दहा हजारांनी कमी घेतली होती, ती आम्हीच कमी मागितली. त्या सातांतील पाच कोयते यंदा अंगावर बाकी न घेता घरी आले. दोघांची बाकी राहिली. एकाचा पाय कापला होता, एकाचे काय झाले ते तो आणि दारूचा दुकानदार जाणे.

हे निघालेच म्हणून आपलेही दोष बोलू. दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसऱ्याबरोबर रात्री पळून जाणारे आपल्यातच आहेत. मग मुकादम कोरे चेक मागतो, बाँड पेपर लिहून घेतो, वेळेस माणसे पाठवून लेकराबायकांस अडकवतो, आणि त्याचा त्रास जो इमानाने काम करतो त्यास होतो. घेतलेले पैसे फेडावेत. परंतु बाकीसाठी माणूस डांबून ठेवणे, बाईस अडवून ठेवणे, दुसरीकडे कामास जाऊ न देणे हा गुन्हा आहे. वेठबिगारी बंद करण्याचा कायदा 1976 साली झाला आहे, आणि अशी तक्रार तहसीलदाराकडे व जिल्हाधिकाऱ्याकडे देता येते. कागद मी लिहून देईन. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर सही-अंगठा देऊ नका, आकडा लिहून घ्या, आणि त्या कागदाचाही फोटो काढा.

लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यास कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये मिळावेत असे ठरलेले आहे. तुम्ही तोडलेल्या प्रत्येक टनामागे ते पैसे जमतात. त्याचा लाभ हवा तर आपले नाव नोंदलेले असले पाहिजे. ग्रामसेवकाकडे जाऊन ओळखपत्र करून घ्या, नवऱ्याचे वेगळे आणि बायकोचे वेगळे. त्याच योजनेत मुलांसाठी वसतिगृहे निघाली आहेत. ज्यांस पोर मागे ठेवता येईल त्यांनी मला भेटावे. ज्यांस ठेवता येत नाही त्यांच्या पोरांस मी पुस्तके बरोबर देईन, पण खरे सांगतो, पाचटाच्या कोपीत रात्री पुस्तक उघडत नाही. मी उघडून पाहिले आहे.

कोणी म्हणतो, आता यंत्रे आली, हार्वेस्टर एका दिवसात आमच्या पन्नास जणांचे काम करतो, मग आमचे कोण ऐकणार? यंत्रे येत आहेत हे खरे. परंतु ओल्या रानात, लहान तुकड्यात, आडव्या पडलेल्या उसात ते अडते, आणि तेथे कोयताच लागतो. आणखी काही वर्षांनी लागणार नाही कदाचित. तेव्हा जे मागायचे ते लागतो आहे तोवर मागावे, हेच त्यातून निघते.

आता अंधार पडला, बायांस स्वयंपाक आहेत. पारावर तीस वह्या ठेवल्या आहेत, प्रत्येक टोळीने एक न्यावी. मी त्यात रकाने आखले आहेत: तारीख, फड, खेप, पावतीचे वजन, खर्ची, खाडा आणि कारण. वही कोण लिहिणार ते आजच ठरवा. तुमच्या सुना-मुली दहावी-बारावी शिकलेल्या आहेत, त्यांस द्या, त्यांचे अक्षर तुमच्यापेक्षा बरे आहे. पहिल्या पानावर अटी लिहिण्यास जागा सोडली आहे.

मुकादम उद्या सकाळी पुन्हा येणार असे ऐकतो. ज्यांनी अजून पैसे घेतले नाहीत त्यांनी जेवण झाल्यावर माझ्या ओसरीवर यावे, जोडीने यावे. ज्यांनी काल रात्री घेतले, त्यांनीही यावे. त्यांची वही कोरी आहे तोवर काही तरी लिहिता येईल.